सुकरामबापूंच्या कादंबऱ्या आणि मंगरूची बांधी

आमच्या गावात कादंबरी चांगली की वाईट हे मंगरूच्या बांधीतल्या पाण्यावरून ठरायचं. बांधी म्हणजे धानाचं शेत, आणि मंगरूची बांधी तलावाच्या पाळीला अगदी लागून. तिच्यात घोटाभर पाणी असलं तर पुस्तक बेताचं. पोटरीपर्यंत चढलं तर नायिकेवर संकट आलेलं. आणि धानाचे नुसते शेंडे वर दिसत असले, तर सुकरामबापू शेवटच्या प्रकरणात आहेत असं खुशाल समजावं.

मी तेव्हा तिरोड्याकडच्या त्या गावात शाळामास्तर होतो. गावचा तलाव बापूंच्या आजोबांनी बांधलेला, त्यामुळे तुडुम बापूंच्या घराण्याकडे. तुडुम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची वाट. पाणी नहरेत, म्हणजे कालव्यात, सोडायचं, एकाची बांधी भरली की तिचं तोंड बुजवून पुढच्याकडे वळवायचं, असा हा मान. मान मोठा, काम बसून राहायचं. बापू पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली घोंगडी टाकून बसत, आणि बसलेला माणूस काहीतरी वाचणारच, असं त्यांचं म्हणणं. पहिली बांधी मंगरूची, म्हणून विसराळूपणाचा प्रसादही पहिला त्याला.

मी शाळेच्या कामानं गोंदियाला निघालो की मंगरू गाडीवाटेवर गाठायचा आणि हळूच सांगायचा, "मास्तर, बापूसाठी पुस्तक आणसाल तर जरा रडकं पाहून आणा." नहरेच्या शेवटच्या टोकाचे लोक नेमकं उलटं सांगत. त्यांना विनोदी कादंबरी हवी असे, तीही पातळ. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी साहित्याची एवढी काळजी वाहिलेली मी पुढे नागपुरातही पाहिली नाही.

बापू उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज पाळीच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. बायको तरुणपणीच वारलेली, मूलबाळ नाही. वाचनाचा तोरा मात्र अजिबात नाही. "आपण का विद्वान नाही, मास्तर. वाचून राहिलो आपलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यानंतर ते जे मत द्यायचे ते मात्र हायकोर्टाच्या निकालासारखं असायचं. नायक विरहानं झुरून अंथरुणाला खिळला की बापू पुस्तक मिटत. "याले आठ दिवस रोवणीले लावा. चिखलात उभा राहिला का विरह निंगून जाते." एका लेखकानं चांदण्याचं वर्णन चार पानं केलं होतं. बापूंनी ती पानं दोऱ्यानं एकत्र शिवून टाकली, पुन्हा चुकून वाचली जायला नकोत म्हणून.

आणि त्यांचं पुस्तकांचं फडताळ. ते चुलीच्या वर होतं. आमच्याकडे बियाणं चुलीवरच्या बांबूच्या मचाणावर ठेवतात, धुरानं कीड लागत नाही. एका पावसाळ्यात बापूंच्या पेटीतली पुस्तकं वाळवीनं खाल्ली, तेव्हा बापूंनी उरलेल्या कादंबऱ्या बियाण्याच्या मक्याशेजारी नेऊन मांडल्या. नवं पुस्तक आलं की ते आधी चुलीजवळ, ऐन धुरात, आणि वाचून झालं की मागच्या रांगेत. महिन्याभरात कोरं पुस्तक तंबाखूच्या पानासारखं होई. मी एकदा त्यांच्याकडून नेलेली कादंबरी उशाशी ठेवली, तर बायकोनं विचारलं, घरात काय जळतंय.

हे मचाण सांभाळायची भागरता, बापूंची धाकटी बहीण. तिचा नवरा कामासाठी कलकत्त्याकडे गेला आणि परत आलाच नाही. निरोप नाही, पत्ता नाही. वर्षं उलटली. जातीच्या पंचांनी कधीच सांगून टाकलं होतं, मोकळी आहेस, पाट लावून घे. आमच्या मुलखात बाईनं दुसरं लग्न करण्यात कुणाला वावगं वाटत नाही. म्हणून तर कादंबऱ्यांतल्या पुण्यामुंबईच्या विधवा गावाला कळतच नसत. बापू पाळीवर कथा सांगत तेव्हा म्हातारे वैतागत, "तिचा पाट काऊन नाही लावत बाप्पा? रडून कायले राहिली?" बापू सांगत, तिकडे तशी रीत नाही. म्हातारे तिकडच्या लोकांना नावं ठेवून चिलीम पेटवत.

भागरता मात्र पाटाचं नाव काढलं की उठून जाई. "मी वाट पाहून राहिली," एवढंच म्हणे. देवरीकडचा एक चांगला माणूस, बायको वारलेला, दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा बापू त्याच्यासमोर गप्प बसले. पाळीवर गरजणारा हा माणूस बहिणीपुढे तोंडात गुळणी धरून बसे. मला त्याचा राग यायचा.

मग ते वाईट साल आलं. पावसानं ओढ धरली, तलाव निम्म्यावर उतरला, आणि त्यातच बापूंच्या हाती एक जाडजूड कादंबरी लागली. मंगरूच्या बांधीत धान बुडलं आणि शेवटच्या टोकाला भेगा पडल्या. पंच जमले. एरवी गंमत म्हणून सोडून देणारी माणसं त्या दिवशी हसली नाहीत. त्यांनी बापूंना तोंडावर सांगितलं की पाळीवर पुस्तक आणायचं नाही, आणि पुन्हा असं घडलं तर तुडुम दुसऱ्याच्या हाती जाईल. आजोबांनी बांधलेल्या तलावावर नातवाचा हात राहणार नाही, याहून मोठा अपमान त्या घराला नव्हता. बापूंनी मान खाली घालून कबूल केलं.

पाणी सोडायच्या पुढच्या पाळीला ते रिकाम्या हातांनी बसले. मी स्वतः पाहिलं. संध्याकाळी मंगरू माझ्याकडे आला, पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत ओले.

"मास्तर, पुस्तक नव्हतं हातात. तरी माह्या बांधीत पाणी चढून राहिलं. मीच तोंड बुजवलं, कोणाले सांगितलं नाही. पण पुढच्या वेळी कोणी पाहिलं तर बापूचं तुडुम गेलं समजा."

आयतं पाणी मिळणाऱ्या माणसानं हे सांगावं, म्हणजे गोष्ट गंभीर होती. मी ती जाडजूड कादंबरी वाचायला नेली होती, ती परत करायच्या निमित्तानं दुसऱ्या दिवशी बापूंच्या घरी गेलो. बापू बाहेर गेले होते. भागरतानं पुस्तक घेतलं, पदरानं पुसलं, आणि चुलीवरच्या मचाणावर ठेवता ठेवता विचारलं,

"मास्तर, तिकडे शहरात सगळ्याच बायांचा पाट लागते का शेवटी?"

मला काही कळेना. त्या कादंबरीची नायिका सोडून गेलेल्या नवऱ्याची वाट बघत शेवटच्या पानावर विहिरीत उडी टाकते. मी तसं सांगणार, तेवढ्यात तीच पुढे बोलली. रोज जेवण झालं की दादा तिला वाचून दाखवतो. आणि कुठलंही पुस्तक असो, नवरा सोडून गेलेली असो की विधवा असो, शेवटी एक भला माणूस येतो, पंच बसतात, तिला नवं लुगडं नेसवतात आणि तिचा पाट लागतो. एका पुस्तकात तर दिवाणसाहेबांच्या मुलीच्या पाटाला मोहफुलाची दारू होती म्हणे.

मग मला उमगलं. पाळीवर बापू पुस्तकात हरवत नव्हते. ते तिथे बसून शेवट बदलत होते. घरी जाऊन बहिणीला काय वाचून दाखवायचं, हे जुळवता जुळवता पाण्याचं भान सुटत होतं. म्हणून तर पुस्तक नसतानाही पाणी चढलं.

"तुला कळत होतं?" मी विचारलं.

"आवाजावरून कळते ना. खरं वाचते तेव्हा अडखळते, मनचं सांगते तेव्हा सुरसुर जाते." ती हसली, आणि मग तिचे डोळे भरले. "दादाले तोंडानं बोलता येत नाही, म्हणून पुस्तकाले बोलायले लावते. नवऱ्याची वाट मी कवाच सोडली, मास्तर. मी गेली तर याच्या घरी चूल कोण पेटवल, अन् हा वाचून कोणाले दाखवल, म्हणून बसून राहिली."

मंगरूनं सांगितलेलं मी तिला सांगितलं. तिनं मचाणावरचं पुस्तक मागच्या रांगेत सारलं. नंतर म्हणाली, "आजोबाचं तुडुम माह्यापायी जाऊ नाही द्यायची मी." त्याच आठवड्यात देवरीला होकाराचा निरोप गेला. उरलेल्या पाळ्यांना बापूंनी पाणी असं वाटून दिलं की पंचांनी त्यांना पुन्हा नावं ठेवली नाहीत. धान कापून झाल्यावर भागरताचा पाट लागला. बापू मांडवात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलत होते, आणि ती गाडीत बसली तेव्हा ते कुठेच दिसेनात. मला ते घरामागे सापडले. चुलीसाठी लाकडं फोडत होते, एकट्या माणसाला वर्षभर पुरतील एवढी.

पुढच्या साली बापू पुन्हा पुस्तक घेऊन पाळीवर येऊ लागले, आणि पंचांनीही हरकत घेतली नाही, कारण पाणी वेळेवर वळत होतं. मंगरूच्या बांधीत घोटाभर, कधी त्याहून जास्त नाही. मंगरू माझ्यावर नाराज होता. मी रडकी पुस्तकं आणत नाही असं त्याला वाटे. आणत होतो, पण बापू ती दुपारीच संपवून मिटत आणि फावडं उचलत. मी विचारलं, शेवट कसा आहे? म्हणत, "मरते ती. मरू दे. कोणाले वाचून दाखवायचं हाय आता?" एवढा मोठा आवाज असलेल्या माणसानं इतकं हळू बोललेलं मला सहन होत नसे.

दिवाळी जवळ आली, आणि तिच्यामागून गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा. धानाला शेवटचं पाणी चाललं होतं. मी पाळीवर गेलो तर बापूंच्या मांडीवर नवी कादंबरी मिटलेली, बोट शेवटच्या पानात, आणि नजर समोर कुठेतरी. पाणी मंगरूच्या बांधीत पोटरीच्या वर गेलं होतं.

"काय बापू, पुन्हा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा चेहरा उजळलेला होता.

"मंडईले भागरता येऊन राहिली, मास्तर. चार दिवस राहते म्हणे. अन् ही इथं क्षयानं मरून राहिली." त्यांनी पुस्तकावर थाप मारली. "हिले तोवर बरी कराव लागते ना."

मी त्यांना पाण्याचं काही बोललो नाही. चपला काढल्या, त्यांचं फावडं उचललं, चिखलात उतरलो आणि मंगरूच्या बांधीचं तोंड मीच बुजवलं.