गुड्डीचं बिऱ्हाड

पुण्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं असलं की इंगळे सर इथे चिखलीत चपला काढतात. पुणं इथून एसटीने दिवस खातं. आणि तो काही एक कॉम्प्युटर नाही, एकमेकांना जोडलेल्या शेकडो मशीनचा गोतावळा आहे. क्लस्टर म्हणतात त्याला. आमच्या कॉलेजला त्यावर एक खातं मिळालंय आणि सर त्याचे राखणदार. "दुसऱ्याच्या घरात जाऊन राह्यलो, पोरी. चपला घालून जातं का कोनी?"

मी त्यांचीच विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवते आणि सोयाबीनच्या रोगाचा अंदाज सांगणारा प्रोग्रॅम लिहिते. पायथन ही प्रोग्रॅमची भाषा आणि क्लस्टरवर वावरायचं कसं, हे शिकवलं सरांनीच, आणि तेही कसं! शिरल्याबरोबर लागते ती मशीन म्हणजे ओसरी. तिथे बसायचं, काम सांगायचं, ते आत होतं. कोणी तिथेच मोठी आकडेमोड सुरू केली की सर गरजलेच, "ओसरीवर चूल कोनं मांडली?"

प्रत्येक कामाला लागणारं पायथन आणि त्याच्या लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचे गठ्ठे, वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवाव्या लागतात. सरांच्या लेखी ते बिऱ्हाड. "ज्याचं बिऱ्हाड त्याले. एकाच्या भाजीत दुसऱ्याचं तिखट पडलं की दोघंही उपाशी!" कुठल्या बिऱ्हाडात कुठल्या लायब्ररीची कितवी आवृत्ती, हे सगळं दोनशेपानी वहीत निळ्या शाईने. नवी आवृत्ती आलीय म्हणावं, तर उत्तर ठरलेलं, "चालू गाडीले हात लावू नोको!"

गेल्या महिन्यात माझंच गाडं अडलं. सोमवारी शोधनिबंध द्यायचा होता. नवं बिऱ्हाड मांडायला घेतलं, तर निम्म्यातच संदेश आला, जागा संपली. चरफडत यादी काढली. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात अवाढव्य बिऱ्हाड होतं 'गुड्डी'. सरांच्या वहीत त्या नावाचं पान कोरं.

"सर, हे काढू?"

"नोको."

"काऊन? वापरतं का कोणी?"

सर उगाच चष्मा पुसत राहिले. "मायी गुड्डी. बारावीच्या सुट्टीत शिकवलं होतं तिले. तिनंच मांडलं ते."

गुड्डी म्हणजे सरांची एकुलती एक लेक. आता कॅनडात असते. काकू गेल्यापासून सर घरी एकटेच.

खोटं कशाला बोलू, मला रागच आला. इथे माझा निबंध बुडायला आलाय आणि हे पोरीचा सुट्टीतला खेळ कवटाळून बसलेत! मी पाय आपटत निघाले.

दुसऱ्या दिवशी सरच माझ्याकडे आले. "काढून टाक, पोरी. तुयं काम अडून राह्यलं," म्हणाले, आणि लगेच वळून गेले.

काढण्याआधी मी आत डोकावले. शिकाऊ पोरीने दिसेल ती लायब्ररी भरून ठेवलेली, आणि त्या पसाऱ्यात तिने स्वतः लिहिलेली एकच फाईल. चालवून पाहिली. पडद्यावर ओळ आली, "बाबा, जेवले का?" उत्तर न देता मी ती बंद केली. शेजारीच उत्तरं साठवलेली होती, तारीखवार. रोज दुपारी एक वाजता आमचं वऱ्हाडी 'हो', हाव. हाव. हाव. अगदी कालपर्यंत.

अगं बाई! एवढं विचारायला त्या पसाऱ्यातली एकही लायब्ररी लागत नव्हती. चालू गाडीला हात लावायचा नाही म्हणून सरांनी कधी पाहिलंच नाही. ती फाईल आणि ती उत्तरं मी बाहेर उचलून ठेवली, साध्या पायथनवर चालतात याची खात्री केली, आणि बाकीचं काढलं. माझं बिऱ्हाड ऐसपैस बसलं.

एक वाजता लॅबमध्ये गेले. "सर, गुड्डी आहे हो. घर तेवढं लहान केलं तिचं." नवी कमांड सांगितली. सरांनी चपला काढल्या. पडद्यावर प्रश्न आला. दोन बोटांनी त्यांनी लिहिलं, हाव.

त्यांचा डबा टेबलावर तसाच बंद होता.

"सर, खोटं काऊन लिहिता?"

"नाई म्हटलं तर लेकरू काळजी करंल ना."

मी माझा डबा घेऊन आले, दाराशी चपला काढल्या, त्यांच्यासमोर बसले आणि आधी त्यांच्या डब्याचं झाकण उघडलं.