आजची धूळ कुठली?

आमच्या शेजारी खानविलकर राहतात, आणि ते माझ्या गाडीच्या बॉनेटचा वास घेतात.

रोज नाही. वारा होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी. मी ऑफिसला निघालेला असतो, हातात फडकं असतं, आणि हे फाटकाशी उभे असतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात घरातल्या सपाता. "थांबा, पुसू नका," म्हणतात. मग बॉनेटवरून एक बोट फिरवतात, धूळ अंगठ्यावर चोळतात, डोळे मिटून हुंगतात आणि न्यायाधीशासारखा निकाल देतात.

"बसऱ्याची. नोंद घ्या."

ही नोंद मी कुठे घ्यायची, हे मला अजून कळलेलं नाही. पण खानविलकरांचं कोणतंही वाक्य तिच्याशिवाय संपत नाही. इथल्या मीना सलमान बंदरात एका कंपनीच्या गोदामावर ते सुपरवायझर आहेत. तिथे आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक बेअरिंगची नोंद होत असल्यामुळे जगाचंही तसंच चालावं, असं त्यांना वाटत असावं, असा माझा समज होता.

त्यांच्या मते धुळीच्या तीन जाती. इराकवरून, बसऱ्याकडून येते ती पिठासारखी मऊ. तिला ते मान देतात. सौदीची जरा तांबूस, बोटाला टोचणारी. आणि तिसरी लोकल, जाड आणि पांढुरकी. तिच्याबद्दल त्यांना काडीचा आदर नाही. "लोकल म्हणजे काय, कुणीतरी पलीकडे पाया खणलाय," एवढं बोलून ते हात झटकतात.

मला कुणाच्याही अधिकारवाणीचा संशय येतो. म्हणून एकदा मी पहाटे उठून बॉनेटवर चिमूटभर तांदळाचं पीठ भुरभुरलं. खानविलकरांनी बोट फिरवलं, चोळलं, हुंगलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "कोलम," ते म्हणाले, "वहिनींनी घावने केलेले दिसतात. आम्हाला हाक नाही मारलीत." त्या रविवारी त्यांना घावन्यांना बोलवावं लागलं.

आम्ही आधी शहरात, माहूजला फ्लॅटमध्ये राहत होतो. खिडकीतून समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं सगळं दिसायचं. मग भाडं वाढलं आणि आम्ही रिफ्फाच्या पलीकडे, जिथे रस्ता संपतो तिथल्या या बैठ्या घरांच्या गल्लीत आलो. गल्लीच्या तोंडावरच्या पाटीवर 'गार्डन' आणि 'ओॲसिस' असे दोन्ही शब्द आहेत, शिवाय एका कारंज्याचं चित्र आहे. गल्लीत पाणी फक्त एसीच्या नळ्यांतून ठिबकतं. झाड एकच, घरमालक अबू सलमानच्या भिंतीलगतचं बोरीचं.

गल्ली संपली की डांबर संपतं आणि वाळवंट सुरू होतं. कॅलेंडरवरच्या सोनेरी टेकड्या डोळ्यांसमोर आणू नका. हे सपाट आणि खडकाळ आहे, पांढऱ्या खडूच्या रंगाचं. मधूनच तेलाचा जुनाट पाइप जमिनीवरून जातो, आणि हिवाळ्यात लोक हौसेने तंबू ठोकून राहायला येतात. त्यांना तंबूत राहायची हौस का यावी, हे पहिल्या वर्षी मला कळत नव्हतं. आता जानेवारीत संध्याकाळी मीही खुर्ची घेऊन डांबराच्या टोकाशी बसतो. काही घडत नाही, आणि ते बघायला बरं वाटतं.

इथे राहायचं कसं, ते आम्हाला खानविलकरांनी शिकवलं. सरकत्या खिडकीच्या खाचेत जुनं सुती कापड कोंबायचं, सिंथेटिक नाही. मेघनाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिची एक हिरवी ओढणी त्यासाठी दिली. उंबऱ्याशी ओला टॉवेल, पण पिळून. आणि सगळ्यात मोठा समारंभ नळांचा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की गार नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा गीझर बंद करायचा. त्यात साठलेलं पाणी घरातल्या सावलीत निवतं, मग लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम. आखातात सगळेच हे करतात. पण आमच्या गल्लीत ते खानविलकरांनी दारोदार येऊन जाहीर केल्यावर होतं. "आजपासून लाल तो गार. नोंद घ्या." अबू सलमानचा जन्म याच बेटावर गेला आहे, तरी तोही त्यांची वाट बघतो.

आता या सगळ्या कारभारातली एक अडचण सांगायला हवी. खानविलकर बॅचलर होते.

आखातात बॅचलर शब्दाचा लग्नाशी संबंध नाही. ज्याची बायको गावी, तो बॅचलर. मग त्याने दोन मुलींची लग्नं लावलेली का असेनात. आणि आमची गल्ली फॅमिलीवाल्यांची होती, बॅचलरला मज्जाव. खानविलकरांनी घर घेतलं ते 'मिसेस पुढच्या महिन्यात येणार' या एका वाक्यावर. त्याला सहा वर्षं झाली होती. मिसेस देवगडकडच्या एका गावात शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि पुढच्या महिन्यात येणार होत्या. अबू सलमान भेटला की विचारायचा, "खानविलकर, मदाम वेन?" म्हणजे मॅडम कुठे आहेत. हे म्हणायचे, "नेक्स्ट मंथ, इंशाल्ला." दोघेही हसायचे.

मेघनाला वाटायचं, बिचारी बाई नोकरीत अडकली असेल. मला वाटायचं, अशी बाई नसेलच. त्यांच्या घरात तिचा फोटो नव्हता. रोज संध्याकाळी मात्र भिंतीपलीकडून त्यांचा फोनवरचा आवाज यायचा. व्हिडिओ कॉल त्यांना नापसंत. "तोंड दिसलं की माणूस बोलायचं विसरतो," म्हणायचे. मालवणीत तासभर चालायचं, आणि जेवढं कानावर पडायचं त्यात वारा कुठून सुटला, धूळ कुठली, कुणाच्या दारात किती साठली, एवढंच असायचं. मी मेघनाला म्हटलं, हा माणूस हवामान खात्याशी बोलतोय.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अबू सलमानच्या पुतण्याचं लग्न ठरलं. त्याला घर हवं होतं. अबू सलमान भला माणूस, पण काका होता. चहा पाजून त्याने खानविलकरांना सांगितलं की या उन्हाळ्यात मदाम आली तर घर तुझं, नाही आली तर मग पुतण्याचं. खानविलकरांनी 'नेक्स्ट मंथ' म्हटलं, पण या वेळी अबू सलमान हसला नाही.

म्हणजे खानविलकरांना मीना सलमानच्या कंपनी क्वार्टर्समध्ये जावं लागणार. एका खोलीत चौघं, एकावर एक पलंग, खिडकी गोदामाच्या पत्र्यावर उघडणारी. संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसले. मेघनाने चहा दिला. कप हातात धरून बराच वेळ त्यांनी तो प्यायलाच नाही.

"जूनमध्ये ती रिटायर होते," ते म्हणाले. "ठरलेलंच होतं, रिटायर झाली की येणार. आता म्हणते, तिथे येऊन करू काय? धूळ पुसू?"

"मग तुम्ही समजवा ना त्यांना," मेघना म्हणाली.

"कोणत्या तोंडाने, वहिनी? सहा वर्षं मीच तिला रोज धूळ सांगितली. दुसरं काय सांगणार? बेअरिंग आली, बेअरिंग गेली, हे काय बायकोला सांगायचं? इथे रोज नवीन येतं ते एवढंच. म्हटलं, गंमत वाटेल तिला. मीच भिववून ठेवली." मग कप खाली ठेवला आणि उठले. 'नोंद घ्या' म्हणाले नाहीत. मेघनाच्या ते माझ्या आधी लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धोरण बदललं. संध्याकाळचं बातमीपत्र चालू राहिलं, पण त्यातली धूळ गेली. मे महिन्यात एकदा असं वादळ आलं की दुपारीच दिवे लावावे लागले. आकाश हळदीच्या रंगाचं, अबू सलमानची बोर दिसेनाशी झालेली. आणि भिंतीपलीकडून खानविलकर ठसकत सांगत होते, "आज एकदम लख्ख आसा गो. समोरचो डोंगर दिसता."

माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. वहीतून डोकं वर काढून ती म्हणाली, "बाबा, काका इज टोटली लाइंग. देअर इज नो डोंगर." तिला म्हटलं, तू अभ्यास कर.

पुढे फोनवर बाग झाली, मग गल्लीत सावली झाली. एका संध्याकाळी तर चक्क सरी कोसळल्या. सकाळी बॉनेटशी येणंही त्यांनी बंद केलं. मी खुशाल गाडी पुसून निघू लागलो, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडेना. एक-दोनदा फडकं हातात घेऊन मी उगाच फाटकाकडे बघत उभा राहिलो.

जूनच्या शेवटी एका सकाळी ते धावतच आले. मिसेसनी व्हिसाला पासपोर्टची कॉपी पाठवली होती. "प्रचाराचा उपयोग झाला," ते म्हणाले. मला त्यांच्या डोंगराची काळजी वाटली.

मिसेस जुलैत आल्या. खानविलकरांनी घर तीनदा पुसलं, टॉवेल पिळून ठेवला, एसी सकाळपासून चालू. एअरपोर्टला मी गाडी नेली, कारण त्यांच्या पिकअपमध्ये मागे कंपनीचे पाइप होते. सुलभाताई ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. नवऱ्याकडे त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, वर्ग तपासावा तसं. गाडीत बसल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं कोलमचं पीठ मला कळलं हो." मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

वाटेत खानविलकर इमारती दाखवत होते आणि त्या नुसतं हं म्हणत होत्या. गल्लीच्या तोंडाशी कारंज्याची पाटी आली तेव्हा मात्र हसल्या. गाडीतून उतरून उन्हात उभ्या राहिल्या. उजवीकडे बघून म्हणाल्या, "ही अबू सलमानची बोर. यंदा कलंडलेली दिसते." मग आमच्या खिडकीकडे बघत, दारात आलेल्या मेघनाला म्हणाल्या, "हिरवी ओढणी अजून टिकली का? चांगलं कापड होतं."

हात धुवायला त्या आमच्याकडेच आत गेल्या. खानविलकर मागून ओरडत धावले, "अगो, निळो नको, निळो नको!" त्या लाल नळाखाली शांतपणे हात धूत होत्या. "लाल तो गार," म्हणाल्या. "दर वर्षी मे महिन्यात ऐकते."

चहाच्या वेळी मेघनाने विचारलंच, की तुम्ही यायला तयार नव्हता, मग मन कसं बदललं?

"सहा वर्षांत एक दिवस ह्यांनी धूळ सांगितली नाही असं झालं नव्हतं," सुलभाताई म्हणाल्या. "शाळेतून आले की तेवढंच ऐकायचं. मी गावात बसून तुमच्या गल्लीत राहत होते म्हणा. आणि अचानक म्हणायला लागले, डोंगर दिसतो. म्हटलं, ह्यांचं काहीतरी मोठं बिघडलंय. आता गेलं पाहिजे."

खानविलकर खिडकीच्या खाचेतली ओढणी नीट कोंबत बसले. ती नीटच होती.

संध्याकाळी अबू सलमान स्वतः खजुराचा ट्रे घेऊन आला. सुलभाताईंना लांबूनच नमस्कार करून म्हणाला, "मदाम, यू आर लेट." आणि खानविलकरांना म्हणाला, पुतण्याची काळजी करू नको, त्याला रिफ्फाला घर बघतो. नाहीतरी त्याची बायको म्हणते, एवढ्या लांब धुळीत कोण राहणार. घराचा विषय तिथेच खलास झाला.

आठवड्याभरात वारा सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं घेऊन बाहेर आलो तर फाटकाशी खानविलकर उभे. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं, सपाता. शेजारी सुलभाताई, गाऊनवर ओढणी घेतलेल्या.

"थांबा, पुसू नका," खानविलकर म्हणाले. बोट फिरवलं, चोळलं, हुंगलं. "बसऱ्याची. नोंद—"

सुलभाताईंनी पुढे होऊन स्वतःचं बोट फिरवलं. अंगठ्यावर चोळलं. हुंगलं नाही.

"ही खयची बसऱ्याची? बोटाक टोचता. सौदीची आसा." आणि मग माझ्याकडे वळून, शाळेच्या नोटिशीत सही करायच्या आधी शेवटची ओळ लिहावी तशा आवाजात, "नोंद घ्या."

तेव्हा मला कळलं, ते वाक्य गोदामातलं नव्हतं.

खानविलकरांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. मी त्यांना ओळखतो, त्यांनी निकाल कधी फिरवलेला नाही. मग ते हळूच म्हणाले, "हो. टोचते खरी."

हल्ली मला ऑफिसला रोज थोडा उशीर होतो. दोघांचं एकमत होईपर्यंत गाडी पुसता येत नाही, आणि वारा नसलेल्या दिवशीही ती दोघं येऊन बघून जातात.