जसोदाबाईंना गाडी लागते

जसोदाबाईंना गाडी लागते, हे तापीकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा जीपमध्ये त्यांनी जो पदर नाकाला लावला, तो पुढं यष्टीत, टेम्पोत, भाच्याच्या लग्नाच्या लक्झरीतही सुटला नाही. डिझेलचा वास आला की पोटात ढवळायचं. शेवटी त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. शेजारच्या प्रकाशा गावच्या बाजारापुरतं जग आपल्याला पुरतं, असं त्या म्हणायच्या आणि तसं मुळीच नव्हतं.

त्यांची थोरली बहीण तापीबाई चिंचपाड्याला लेकीकडे राहायची. घसरून पडल्यापासून ती अंथरुणालाच खिळून होती. एके दिवशी तिचा फोन आला. “आते बी ऊनी नही, ते मंग मन्हा फोटोलेच हार घालाले ये.”

त्या दुपारी जसोदाबाईंनी भाकरी करपवली. अख्ख्या संसारात त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. मुलगा हेमकांत ती काळी भाकरी मुकाट्यानं खाऊन उठला आणि म्हणाला, “नाना, गाडी लेवानी. धूर नको, वास नको, आनि खर्च बी कमी पाहिजे.”

“आपली जीप काय वाईट शे?” त्याचे वडील दगाजी म्हणाले.

जीप सुरू झाली की शाळेच्या गुरुजींना वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत. पण दगाजींचं मत ठाम होतं. “जिले धूर नही, तिले दम काय व्हई?”

तरी ते नंदुरबारला आले. स्थळ पाहायला जावं तसे गावातले दोन जाणते सोबत घेऊन आले. डिझेलची जुनी गाडी स्वस्त होती, पण तिला वास होता. गॅसवाली हेमकांतला पसंत पडली होती, तोवर त्यानं गॅसच्या पंपावरची रांग पाहिली. राहिली विजेवरची.

“कितलं देस?” दगाजींनी विचारलं. लिटरमागं गाडी किती पळते, आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असतो.

“बाबा, हिला पेट्रोल लागतच नाही,” शोरूमचा माणूस म्हणाला.

“ते समजनं. पन देस कितलं?”

अर्धा तास झाला तरी दोघं तिथंच होते. अखेर दगाजी गंभीरपणे म्हणाले, “ऐका. मन्ही बायकोले गाडी लागस.”

“मग उशीर कशाला करता, बाबा? आजच बुक करा!”

गाडी आली. पांढरी, मुकी, गुणी. घराची वायरिंग जुनाट, म्हणून चिंचपाड्याला निघायच्या आदल्या दिवशी हेमकांतनं ती मळ्यात नेली, तिथल्या खोलीबाहेर उभी करून चार्जिंगला लावली आणि कामासाठी शहाद्याला गेला. त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा होती, म्हणून केळीला पाणीही सुरू होतं. गाडीची राखण करायला जसोदाबाई खाट टाकून बसल्या. बहिणीसाठी केलेले लाडू त्यांनी आजच मांडीवर घेतले होते.

बांधाच्या पार पलीकडून दगाजींचा फोन आला. “केळी भरनी. मोटर बंद करी टाक!”

आता दगाजींची मोटर म्हणजे विहिरीवरची. जसोदाबाईंची मोटर म्हणजे चाकं असलेलं काहीही. यष्टीलाही त्या मोटरच म्हणायच्या. त्या खोलीत गेल्या आणि नव्या गाडीचं बटण बंद करून आल्या.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. “आजून पानी येई ऱ्हायनं. बंद करी ना?”

“करी दिन्ही! इतली गार पडेल शे, आवाज सुद्धा नही.”

पाइपातलं उरलंसुरलं पाणी असेल, असं समजून दगाजी निंबाखाली आडवे झाले.

हेमकांत परतला तेव्हा पाणी केळी बुडवून, बांध फोडून खोलीपर्यंत आलं होतं. काळ्या चिखलात नवी गाडी रुतली होती आणि तिच्यात चार्जिंग नावालाच होतं. त्यानं जोर लावला, तशी ती आणखी खाली गेली. जसोदाबाई खाटेवर पाय घेऊन, लाडवांचा डबा छातीशी धरून बसल्या होत्या.

शेवटी शेजारच्या करणसिंगचा ट्रॅक्टर आला. बिनधुराची गाडी भकाभका धुरामागून गावात शिरली. ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, “दगानाना, देस कितलं?”

जसोदाबाईंनी घरी येऊन डबा फळीवर ठेवला. “माले नही जावानं. मन्हा नशीबमाच नही तिनं तोंड पाहानं.” दगाजी उठले आणि फ्रिजचं बटण बंद करून तिथं गाडीची वायर त्यांनी स्वतः लावली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते त्या बटणापाशी बसून होते. कोणालाही हात लावू देईनात.

निघताना आईला पुढं बसवलं. जन्मभर स्टिअरिंग धरलेले दगाजी पहिल्यांदाच मागं बसले. गाडीला ना आवाज, ना वास. हेमकांतनं पाय उचलला की ती आपोआप मंद व्हायची, दाबला की पळायची. नंदुरबार मागं पडलं. जसोदाबाईंनी भीत भीत पदर खाली सोडला आणि बाहेर पाहू लागल्या. पळसाला फुलं आली होती.

विसरवाडीच्या अलीकडे मागून बारीक आवाज आला. “हेमकांत, थांबाड.”

दगाजी उतरले, ते रस्त्याच्या कडेला वाकूनच. जसोदाबाईंनी कमरेच्या पिशवीतून लवंग काढली, लिंबू काढलं, प्लास्टिकची थैली काढली. “दूर पहा. डोया मिटू नका. बोलू बी नका,” त्या नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. या विषयातला त्यांचा अनुभव दांडगा होता.

चिंचपाड्याला दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या. मग तापीबाईंचं लक्ष दारात उभ्या, तोंड हिरवं-पिवळं पडलेल्या मेहुण्याकडे गेलं. लिंबू अजून नाकाशीच होतं.

“यासले काय व्हयनं?”

संध्याकाळी हेमकांतनं निघायचं विचारलं, तेव्हा दगाजींनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

“तू जाय, भाऊ,” जसोदाबाई बहिणीच्या उशाशी ऐसपैस मांडी घालत म्हणाल्या. “आम्हीन ऱ्हातस आठ-पंधरा दिन. काय करसूत? त्यासले गाडी लागस.”