एका सहीपुरती तिऱ्हाईत

"वहिनी, गाडी दादांच्या नावावर, चालवणार तुम्ही. पॉलिसी एकदा वाचून घ्या बरं का," असं विमा एजंट फोनवर म्हणाला, तेव्हा सून बाळाची बाटली दुसऱ्यांदा उकळत होती. "हो हो, वाचते," म्हणत तिने फोन ठेवला. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं भिंग लावून वाचणाऱ्या या बाईने बारा पानी पॉलिसी मात्र फ्रिजवरच्या टोपलीत टाकली. पॉलिसीवर कांदे येऊन पडले.

पुढचं सगळं 'ये' या एका अक्षरामुळे झालं.

बाळाला डोस द्यायला जायचं होतं. गाडी पार्किंगमधून मागे घ्यायची, म्हणून सासूबाई खाली उतरून मागे उभ्या राहिल्या. बाळाची सीट उलटी बसवलेली, तोंड मागच्या काचेकडे. काचेतून नातीचं बोळकं दिसलं आणि सासूबाई विरघळल्या. "ये... ये... ये गं माझी सोनी, ये!"

सून तिन्ही आरशांत बघत होती, काच खाली करून कान देत होती. 'ये' ऐकलं, ती आली. दर 'ये'ला वीतभर. शेवटचं 'ये' अर्धवट राहिलं आणि सासूबाई कुंडीत बसल्या.

सुनेने हँडब्रेक इतक्या जोरात ओढला, की गाडीबरोबर तिचं मनगटही जागच्या जागी थांबलं. पण त्याकडे बघायला वेळ कुणाला होता? सासूबाईंचा घोटा मोडला, प्लास्टर चढलं आणि संध्याकाळी नवऱ्याने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"आजपासून तू गाडी चालवायची नाहीस."

"आणि पाळणाघर? माझं ऑफिस?"

"बघू काहीतरी."

'बघू' म्हणजे काय, हे लग्न झालेल्या कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. सुनेने कांद्यांखालून पॉलिसी काढली आणि बाराच्या बारा पानं वाचली. एजंटला काय म्हणायचं होतं, ते नवव्या पानावर होतं.

आठवड्याने सगळी वरात विमा कंपनीच्या ऑफिसात. सासूबाई एका खुर्चीत, त्यांचं प्लास्टर दुसऱ्या खुर्चीत. समोरचा कारकून शांत स्वभावाचा. त्याने फॉर्म पुढे केला. "आजी, इथे सही. थर्ड पार्टी जखमी म्हणून."

"थर्ड पार्टी म्हणजे कोण हो?"

"तिऱ्हाईत."

एवढा एक शब्द त्याने सोपा करून सांगायला नको होता.

"तिऱ्हाईत? मी?" सासूबाईंनी पेन टेबलावर आपटलं. "बत्तीस वर्षं त्या घरात घासलीत मी. हा समोर उभा आहे ना, तो माझ्या पोटचा. आणि मी तिऱ्हाईत?"

"तसं नाही आजी. गाडीच्या बाहेरच्या माणसाला गाडीने धक्का दिला, तर तो तिऱ्हाईत. गाडीच्या आतला तो प्रवासी. प्रवाशांचा विमा वेगळा घ्यावा लागतो, तो तुमच्याकडे नाही."

"आई, एका सहीपुरतं तर व्हायचंय तिऱ्हाईत," नवरा म्हणाला.

"तू बोलू नकोस. आणि तिऱ्हाईत म्हणून मी भांडायचं ते कुणाशी? विरुद्ध पक्ष कोण?"

कारकुनाने चाचरत सांगितलं, "गाडीचे मालक. म्हणजे... हेच."

सासूबाईंचा हात पेनाकडे सरकला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

सही होणार, एवढ्यात बाळ रडलं. सुनेने त्याला वाकून उचललं.

"एकाच हाताने का उचललंस?" सासूबाईंचं पेन हवेतच थांबलं.

"असंच."

"डावा दाखव."

मनगट पोळीच्या गोळ्यासारखं फुगलं होतं. आठवडाभर ती लांब बाह्यांचे कपडे घालून फिरत होती. दाखवलं असतं, तर किल्ली कायमची गेली असती.

"हिचंही लिहून घ्या," सासूबाईंनी फर्मावलं.

कारकुनाने कागद उलटसुलट केले. "मॅडम बाहेर नव्हत्या, म्हणजे तिऱ्हाईत नाहीत. प्रवासी नाहीत. चालकासाठी 'मालक-चालक' विमा आहे, पण मालक साहेब, चालक मॅडम. दोन्ही एकच माणूस असायला हवा. सॉरी मॅडम, तुम्ही यात कुठेच बसत नाही."

"नववं पान," सून पुटपुटली.

"बसत नाही कशी?" सासूबाई गरजल्या. "गाडीतच तर बसली होती! मी बाहेर उभी, मी तिऱ्हाईत, मला सगळं मिळणार. आणि ही गाडी चालवणार, पोर नेणार, आणणार, आणि ही कोणीच नाही?" त्यांनी मुलापुढे हात पसरला. "किल्ली."

"आई, अगं तिनेच तुला..."

"चूक माझी होती. 'ये' मी म्हणाले. आण किल्ली." किल्ली सुनेच्या उजव्या हातात गेली. "आणि गाडी हिच्या नावावर कर. मग मी सही करते."

"आजी, झालेल्या अपघाताला ते लागू नाही होणार," कारकून म्हणाला.

"झालेल्याचं कोण बोलतंय? हीच चालवणार आणि मागे मीच उभी राहणार. पुढचं नको का बघायला?" नवरा 'बघू' म्हणायच्या आत त्यांनी कारकुनाकडचा नाव बदलायचा अर्ज त्याच्या हातात कोंबला आणि आपल्या फॉर्मखाली वळणदार सही ठोकली: तिऱ्हाईत.

घरी जाताना मनगटाचा एक्स-रे काढला. हाडाला चीर निघाली. आता घरात दोन प्लास्टर आहेत, गाडी सहा आठवडे उभी आहे, आणि किल्ली सुनेच्या उशाखाली. कागदावर मालकीण तीच.

तेव्हा एक करा. तुमच्या घरची गाडी जिच्या नावावर नाही पण जी रोज चालवते, तिच्याकडे आत्ता जा. पॉलिसी मग वाचा. आधी तिला बाही वर करायला सांगा.