नळी हलवू नका

"नळी हलवू नका," असं ती प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला बजावत असे. आज मात्र तिचाच हात स्वस्थ बसत नव्हता. नळीत लेकीच्या हनुवटीवरच्या पुळीतले जंतू होते. परवा सकाळी नवऱ्याने कापसाच्या काडीवर घेऊन दिलेले. पहिल्या चाचणीत पेरॉक्साइडचा थेंब पडताच त्यांनी भसाभस बुडबुडे काढले होते. आता नळीतला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गोठला, की ते दांडगट, चटकन पसरणाऱ्या जातीचे ठरणार. मग उद्या बहिणीचं तान्हं बाळ बघायला जाणं रद्द.

तिने पुन्हा नळी उबेला ठेवलेला इनक्युबेटर उघडला.

"अहो, झाकण सारखं उघडलं तर भातसुद्धा शिजत नाही," प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि हलवून गुठळी मोडलीत, तर असलेली नाही म्हणून लिहाल."

"मी नुसती तिरकी करून बघतेय."

"सकाळपासून नुसतीच तिरकी करताय. द्या इकडे."

नळी गेल्यावर हात फोनकडे वळले. सासूबाईंना तिने टॉवेल उकळायला सांगितले, मग चादरी, मग हाताला लागेल ते. बहिणीला "बहुतेक जमणार नाही" म्हटलं, तर ती रडायलाच लागली.

संध्याकाळी बाईंनी नळी तिरकी केली. आतला गोळा जागचा हलला नाही.

घरी येताच तिने लेकीची उशी, पेला आणि बाहुली वेगळी काढली. बाहुली जाताच लेकीने भोकाड पसरलं. उकळून आखूड झालेला सदरा घालून नवरा दारात घुटमळत होता.

"ऐक ना. ती काडी पुळीवरची नव्हती."

"मग?"

"माझ्या नाकातली."

ती बाहुली घेऊनच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ही हात लावू देईना, लाथा झाडत होती. तू चपला घालून दारात घाई करतेयस."

"मग कोरी द्यायची होतीस."

"कोरी दिली असती तर तू परत पाठवली असतीस."

हे खरं असल्यामुळे तिला जास्तच राग आला. तरी मनावरचं ओझं उतरलं. बाहुली परत देऊन तिने बहिणीला फोन लावला.

"आम्ही दोघी येतोय गं. पोरीला काही नाही. तुझे भाऊजी घरीच थांबतील."

"सुटले बाई," बहीण म्हणाली. "पण ताई, मग पुळीत काय निघालं?"

फोन कानाला तसाच धरून तिने पर्स उघडली आणि नवी काडी काढली.

लेक बाहुलीसकट पलंगाखाली लपली. तिच्या मागोमाग नवराही.