मानाची घोंगडी आणि वेगळं कार्ड

कॉम्प्युटरच्या बाबतीत हिंगोलीत माझा शब्द शेवटचा! दोन हजार नऊ साली बसस्टँडमागे माझा टायपिंगचा क्लास होता, क्लासात तीन कॉम्प्युटर होते आणि त्यातला एक चालायचासुद्धा. त्यामुळे भाची रागिणीला लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, अनुसयाअक्काने, सेनगावाकडच्या गोरेगावहून सरळ मलाच फोन केला. "प्रभू, तू संगं जा बाबा. पोरीला काय कळतं त्यातलं?"

पोरीने नांदेडला राहून घरांचे नकाशे काढण्याचा डिप्लोमा केला होता. पण अक्काचं म्हणणं मला तंतोतंत पटलं.

नांदेडच्या दुकानात शिरल्या शिरल्या रागिणी म्हणाली, "मामा, हलका बघा. एसटीत, जीपात घेऊन हिंडायचाय. आन् आतलं ग्राफिक्स मला पुरतं. मी घरं काढते, सिनेमा न्हाई काढत."

मी हसलो. जाणकार माणूस हसतो तसा. "अगं, आतलं ग्राफिक्स म्हंजे एकत्र कुटुंब! चित्र दाखवायला स्वतःची मेमरी न्हाई, दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खायचं! वेगळं ग्राफिक्स कार्ड म्हंजे वेगळी चूल. आपला सैपाक, आपलं सरपण!"

"पन सरपण लई जळतं ना मामा."

"तू गप!"

दुकानातला पोऱ्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "सरजी, ये पतला माडल है. अलग कार्ड से बहुत गरम होता है. नीचे से हवा लगनी चाहिए."

"हवा हमारे गाँव में बहुत है!" मी म्हणालो आणि पातळ, हलका, वेगळ्या कार्डाचा लॅपटॉप बगलेत मारून बाहेर पडलो.

प्रसंग साधा नव्हता. पुण्यात घरांचे नकाशे करणाऱ्या एका ऑफिसात रागिणीला नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. पण तिचे वडील, म्हणजे आमचे ज्ञानबा दाजी, अडून बसले होते. दाजींचा जन्म मेंढरांमागे गेलेला. पोरगी खुर्चीवर बसून घर बांधते ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. त्यातच कुरुंद्याचे किशनराव आपल्या भाच्यासाठी रागिणीला मागणी घालून मोकळे झाले होते. हळदीची शेती, माणसं चांगली, नाव ठेवायला जागा नाही!

दाजींनी निकाल दिला होता. "रविवारी किशनराव येतेत. त्यांच्यासमोर पोरीनं दाखवावं, ती तिकडं काय करनार ते. माझ्या डोळ्याला दिसलं तर जाईल पुण्याला. न्हाई दिसलं तर सुपारी फोडतो."

आता सुपारी फुटली की लग्न पक्कं. मग पुणं विसरायचं आणि नोकरीही.

रविवारी मी अंगणात लॅपटॉप घेऊन हजर! लाइट नव्हती, पण बॅटरी मी काठोकाठ भरून आणली होती. तेवढ्यात दाजी घरातून नवी कोरी काळी घोंगडी घेऊन आले. आमच्याकडे देव, पाहुणा आणि लक्ष्मी यांना उघड्या जमिनीवर बसवत नाहीत. दाजींनी घोंगडीची चौपदरी घडी केली, झटकली आणि दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलून तिच्यावर ठेवला.

रागिणी माझ्या कानाशी लागली. "मामा, खालून हवा जायला पाहिजे. पाट आणू का?"

"गप! तुझ्या आबांनी मान दिला. तो काढून घेती का?"

किशनराव येऊन टेकले. भारदस्त माणूस. मिशा अशा की बोलण्याआधी त्याच हलायच्या. रागिणीने बटण दाबलं. पडद्यावर पांढरं पान आलं, त्यातून भिंती उभ्या राहिल्या, वर छप्पर बसलं. "बघा! हे वेगळं कार्ड!" मी ओरडलो. घर हळूहळू फिरायला लागलं. आतला पंखा घरघरू लागला. दाजींनी चष्मा चढवला, पुढे वाकले, आणि पडदा काळा!

"कुठं गेलं?" दाजींनी विचारलं.

"येतंय दाजी! मोठी मशीन हाय, दम घेऊन राहिली."

पुन्हा चालू केलं, तर पडद्यावर ऊन. किशनरावांना घराऐवजी स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या. घरात जावं, तर तिथे चौथ्या माणसाला चुलीत पाय घालून बसावं लागलं असतं. पण मी हार मानणारा नव्हे! मी दुसरी घोंगडी मागवली आणि लॅपटॉपसकट आम्हा तिघांच्या डोक्यावरून पांघरली. खाली घोंगडी, वर घोंगडी, मध्ये दाजी, किशनराव, मी आणि ती मशीन. बाहेरून रागिणीचा एक हात तेवढा आत. घामाच्या धारा लागल्या! किशनरावांच्या तंबाखूच्या वासाने माझे डोळे चुरचुरायला लागले. घर आलं. फिरलं. अर्ध्यावर आलं आणि गडप!

"आंधारात आनखी आंधार दिसून राहिला," किशनराव म्हणाले.

दाजींनी लॅपटॉपवर तळहात ठेवला, आजारी कोकराच्या कपाळावर ठेवतात तसा. "प्रभू, याला ताप हाय."

"ताप न्हाई दाजी, ताकद हाय ती!"

पण तिसऱ्यांदा ती ताकद चालूच होईना. रागिणीने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आम्ही घोंगडीतून डोकी बाहेर काढली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे ती बघतही नव्हती. बघून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं! खरं सांगतो, पोरीचं पुणं माझ्याच हाताने बुडत होतं, आणि मी अजूनही तोंडाने "होतंय, होतंय" करत होतो.

किशनरावांनी कनवटीची पिशवी सोडली. आतून चार अख्ख्या सुपाऱ्या आणि अडकित्ता निघाला. "ज्ञानबा, लई वेळ बसलो. मला तकलीफ न्हाई त्याची. पन ही मशीन इथं अंगणात उभी राहात न्हाई, पोरगी पुण्यात कशी उभी राहील?"

दाजींनी लेकीकडे पाहिलं, मग त्या काळ्या पडद्याकडे पाहिलं. "बराबर हाय तुमचं," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी सुपारीसाठी हात पुढे केला.

"मेल्यांनो!"

ही अक्का! हातात पळी, डोळ्यांत अंगार. "माझी घोंगडी जळून राहिली! वास येतो का न्हाई तुमाला? उन्हाळाभर लोकर कातली मी, ती काय ह्या डबड्याखाली भाजायला?" आणि तिने खालची घोंगडी एका हिसक्यात ओढली. लॅपटॉप उडाला! मी डोळे मिटले. उघडले, तेव्हा तो रागिणीच्या दोन्ही हातांत होता.

तिने त्याला उलटा करून पाहिलं. मग स्वयंपाकघरातून पाट आणून जमिनीवर ठेवला. मग ती किशनरावांसमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"काका, सुपारी द्या."

अक्काच्या हातातली पळी खाली आली. किशनरावांच्या मिशा दोन्ही बाजूंनी वर चढल्या. "घ्या! पोरगी सोताच मागून राहिली! शाणी हाय!"

चारही सुपाऱ्या त्यांनी तिच्या ओंजळीत टाकल्या. रागिणी वळली, पाटाच्या चार कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या बूड टेकवून ठेवल्या आणि त्यांच्यावर अलगद लॅपटॉप बसवला. किशनरावांच्या मिशा जागच्या जागी थांबल्या.

"आता निवू द्या त्याला," ती म्हणाली. "तवर कोनी हात लावू नका. मामा, तुमी तर अजिबात न्हाई."

अक्का पदर खोचून बसली आणि सुपाने वारा घालू लागली. किशनराव अडकित्ता उघडत होते आणि मिटत होते. दाजी उकिडवे बसून होते. मी मनातल्या मनात गावातल्या सगळ्या देवांना नारळ बोललो. मग रागिणीने बाजूला कुठेतरी बोट फिरवलं आणि बटण दाबलं.

भिंती आल्या. छप्पर आलं. घर फिरायला लागलं. अर्ध्यावर आलं, मी श्वास धरला, आणि ते पुढे गेलं! पूर्ण फिरलं! पुन्हा फिरलं!

दाजी वाकून वाकून पाहत होते. "हा आपला कडुनिंब न्हवं?"

"व्हय आबा. आपल्याच जागेवरचं घर हाय."

"आन् मेंढरं कोंडायचं वाडगं इतकं जवळ काहून घेतलं?"

"रातच्याला तुमी सारखे उठून बघाया जाता ना," रागिणी म्हणाली. "खिडकी त्याच बाजूला ठेवली. आता खाटंवरूनच दिसंल."

दाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत चढवला. तो पुसलेला चष्मा पुन्हा ओला कसा झाला हे मी विचारलं नाही.

"फिरव बरं आनखी एकदा," ते म्हणाले.

घर तिसऱ्यांदा फिरलं. किशनराव खाकरले. "ज्ञानबा, त्या सुपारीचं कसं करायचं?"

दाजींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "पाव्हणं, सुपारी घराखाली हाय. आता काढली तर पोरीचं घर पडंल."

किशनरावांनी अडकित्ता पिशवीत टाकला. "ऱ्हाऊ द्या मग," ते म्हणाले. माणूस खरंच चांगला होता!

संध्याकाळच्या जीपने मी रागिणीला घेऊन हिंगोलीला निघालो. जीपमध्ये सोळा माणसं आणि मी मोकळा सुटलेला! वेगळं कार्ड म्हणजे काय, ते नसतं तर आज पोरीचं आयुष्य कसं बरबाद झालं असतं, हे मी सेनगाव येईपर्यंत सोळाच्या सोळा जणांना समजावून सांगितलं. टपावरच्या दोघांनाही खिडकीतून ओरडून सांगितलं.

"मामा," रागिणी हळूच म्हणाली, "त्या लॅपटॉपच्या डाव्या अंगाला एक बारकं बटण हाय."

"मग?"

"त्यानं वेगळं कार्ड बंद होतं. सुपाऱ्या ठेवल्यावर मी ते बंदच केलं."

"बंद? मग घर फिरलं कशावर?"

"आतल्यावर. आता ते बंदच ठेवनार हाय मी. तापतबी न्हाई, बॅटरीबी टिकते."

सोळा माणसं माझ्याकडे बघायला लागली. ड्रायव्हरने आरसा वळवून माझ्यावर धरला.

"शाबास!" मी म्हणालो. "हेच तर मी मघापासून सांगून राहिलो! भारी वस्तू कधी रोजच्या वापराला काढायची नसते!"