रज्जाकचाचांचे असील

शाळामास्तर म्हणून बदली होऊन शुक्रवार पेठेत राहायला आलो त्या दिवशी शेजारचे रज्जाकचाचा सामान उतरवायला मदत करायला आले. मदत राहिली बाजूला, त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, वाकून माझे पाय बघितले आणि म्हणाले, "मान आखूड हाय. पण छाती बरी. लाईन कुठली म्हणायची?"

मी घाबरून "बार्शी" म्हणालो.

"मंग ठीक," म्हणत त्यांनी कपाटाला हात लावला.

चाचांनी अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात तीस वर्षं टॉवेल तपासले. एक धागा सुटलेला दिसला की टॉवेल बाजूला फेकायचा आणि म्हणायचं, "सेकंड." निवृत्त झाल्यावर टॉवेल सुटले, पण नजर काही सुटली नाही. ती गच्चीवरच्या असील कोंबड्यांवर जाऊन बसली. असील म्हणजे जुन्या, अस्सल जातीची कोंबडी. तुरा वाटाण्याएवढा, डोळा मोत्यासारखा, पिसं अंगावरच शिवल्यासारखी घट्ट आणि शेपूट खाली. "शेपूट वर म्हंजे गावरान," चाचा सांगायचे. "खानदानी जनावर शेपूट मिरवत न्हाई." झुंजीसाठी कोंबडा मागायला कुणी आलं, की चाचा त्याला जिन्यावरूनच परत पाठवायचे आणि मागून निकाल द्यायचे, "माणूसच सेकंड."

माझ्या मेव्हणीला बघायला मुलगा आला तेव्हा चाचा आमच्याकडेच बसले होते. आम्ही नोकरी, शिक्षण विचारत होतो. चाचा म्हणाले, "जरा उभं राहा की." मुलगा उभा राहिला. "आता चाला." तो बिचारा खिडकीपर्यंत चालून आला. चाचा माझ्या कानात म्हणाले, "पाय सरळ पडतोय. होय म्हणून टाका." लग्न झालं. दोघांचं छान चाललंय, हे मला कबूल करावं लागतं.

मग माझ्या हातून तो गुन्हा घडला. बायकोनं माहेराहून रविवारच्या रश्श्यासाठी गावरान कोंबडा आणला होता. शनिवारी तो दोरी तोडून पळाला आणि सापडला तो थेट चाचांच्या गच्चीवर, त्यांच्या लाडक्या राणी नावाच्या कोंबडीशेजारी. चाचा नमाजाला गेले होते. मी कोंबडा काखेत मारून घरी आलो आणि रविवारी आम्ही पुरावा खाऊन टाकला.

पुढे राणीनं पिल्लं काढली. पाच महिन्यांनी त्यातल्या एका तलंगीनं, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबडीनं, शेपूट वर केलं.

चाचांनी तपास सुरू केला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पेठेतल्या दोन घरी जायचं, तासभर बसायचं आणि विचारायचं, "तुमच्याकडं कोंबडा होता काय? तुरा केवढा होता?" माझ्याकडे तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा मी "न्हाई बा" म्हणालो.

तलंगीला येत्या शुक्रवारी कळपातून काढून टाकणार, असं ते सांगत होते. चार शुक्रवार गेले.

अशात विजापूरहून एक जाणकार राणीची पिल्लं न्यायला आले. त्यांना ते शेपूट दिसलं. "चाचा, लाईनीत गावरान शिरलंय," ते म्हणाले आणि रिकामी टोपली घेऊन जिना उतरले. आता चार जिल्ह्यांत बोभाटा होणार होता.

मला राहवेना. मी गच्चीवर गेलो. चाचा बाजेवर बसले होते आणि तीच तलंग त्यांच्या मांडीवर बसून तळहातावरची ज्वारी टिपत होती.

"चाचा, तो कोंबडा माझा होता."

"म्हाईत हाय की."

"कसं काय?"

"कोंबडी कापायला तुमी दरवेळी चौकात माझ्या भाच्याकडं जाता. त्या रविवारी पिशवी घेऊन पार दुसऱ्या पेठेत गेलात. भाच्यानं बघितलं, पिशवीतनं शेपूट वर आलं होतं."

मी मान खाली घातली. "मग हिला काढलं का नाही?"

"असील कुणाच्या मांडीवर बसत न्हाई, मास्तर. ताठ उभा राहतो. ही आपली येते आन् बसते."

"आणि ठाऊक होतं तर पेठभर चौकशी कशाला केलीत?"

चाचांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमची चाची होती तवा तिच्या मागं मागं चार घरी जाणं व्हायचं. ती गेल्यावर एकट्या माणसानं कुणाच्या दारात काय म्हणून जायचं? कोंबड्याचं इचारलं की लोक बसा म्हणतात. चहा ठेवतात."

मी बाजेच्या कडेला टेकलो.

"मागच्या गल्लीतली सहा घरं राह्यलीत," चाचा म्हणाले.

"उद्या मीपण येतो," मी म्हणालो. "तपासाला दोघं असलेले बरे."

चाचांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "या," ते म्हणाले. "पण इस्त्री करून या."